पात्याखालचा तांदूळ

मित्रांनो, औंधला यमाईच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कृष्णात सुतारांची पत्र्याची शेड आहे. आत शिरलात की डाव्या हाताला, गोणपाटाखाली, जो बसका आणि जाडजूड गृहस्थ दिसेल तो मी. मी रंधा आहे. सुताराच्या हातात असतो तो लाकडी रंधा नव्हे; तो माझा लांबचा आणि गरीब नातेवाईक. मी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे, विजेवर चालतो आणि मला हलवायचं म्हटलं की आठ माणसं एकमेकांची तोंडं बघतात.

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. फळी एका बाजूनं माझ्या पोटात घालायची, दुसऱ्या बाजूनं ती गुळगुळीत होऊन बाहेर येते आणि सगळीकडे सारख्याच जाडीची असते. खाली माझं लोखंडी टेबल, वर तीन लांब पाती बसवलेला ड्रम. चाक फिरवून टेबल वरखाली करायचं, म्हणजे हवी ती जाडी मिळते. ऐकायला सोपं आहे. पण टेबल आणि पाती यांच्यामधलं अंतर डावीकडे जेवढं, तेवढंच उजवीकडे पाहिजे. त्यात केसाएवढा फरक पडला, तरी फळी एका कडेला पातळ आणि दुसऱ्या कडेला जाड निघते. मग लोक फळीला नावं ठेवत नाहीत, मला ठेवतात.

माझा जन्म पंजाबातल्या एका भट्टीत झाला. तिथून मी साताऱ्याच्या एका लाकडाच्या वखारीत आलो आणि बारा वर्षं मान खाली घालून राबलो. पुढं मला महाबळेश्वरला एका हॉटेलाच्या बांधकामावर नेलं. बांधकाम झालं, सुतार गेले, आणि मी तिथंच मागच्या अंगणात राहिलो. महाबळेश्वरचा पाऊस तुम्ही सहलीला जाऊन बघितला असेल. मी तो चार वर्षं उघड्यावर बघितला. माझ्या चाकाला शेवाळ आलं आणि मोटारीत एका कुत्रीनं पिल्लं घातली. एका पाहुण्याच्या मुलानं तर मला बघून विचारलं, की ही तोफ कुठल्या लढाईतली. मला वाईट वाटलं, पण तोफेचा मान मिळाला म्हणून थोडं बरंही वाटलं.

तिथून मला कृष्णातनं आणलं, सन एक्क्याण्णव साली. हा तिशीतला, कमी बोलणारा, हाताचा फार नेमका माणूस. त्यानं दीड महिना रॉकेल आणि विटेची भुकटी घेऊन माझा गंज उतरवला. पाती लावताना तो एक लाकडी ठोकळा माझ्या टेबलावर ठेवायचा, ड्रम हातानं हळूच फिरवायचा आणि कान लावून ऐकायचा. पात्याची धार ठोकळ्याला नुसती चाटून गेली पाहिजे, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. तिन्ही पात्यांचा, तिन्ही ठिकाणी, आवाज एकच आला पाहिजे. मोजपट्टीपेक्षा त्याचा कान खरा होता. चार वर्षं मी त्याच्याकडे अशी कामं केली, की गावात लोक म्हणायचे, कृष्णातची फळी पाण्यासारखी सपाट असते. मी जरा शेफारलोच होतो, हे कबूल करतो.

आता त्या पंच्याण्णव सालच्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. कृष्णातची आई साळूबाई या बाबतीत कडक. करवत, पटाशी, हातोडी पाटावर मांडून झाली की त्यांनी माझ्याकडे बोट केलं. त्यांचं म्हणणं असं, की खरं हत्यार म्हणजे ह्याची पाती, आणि ती आत अंधारात राहिली तर पूजा नुसत्या डब्याची होते. म्हणून दरवर्षी माझी तिन्ही पाती काढून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं आणि मूठ मूठ अक्षता टाकायच्या. दसऱ्याच्या सकाळी पाती परत आत, आणि मुहूर्तावर पहिली फळी काढायची.

त्या वर्षी मुहूर्त आठ चाळीसचा होता आणि वीज जाणार होती नऊला. साळूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. कृष्णातनं घाईघाईत पाती पुसली, खाचेत बसवली, नट आवळले. नेमका एक हळदीत भिजलेला, वाळून खडा झालेला तांदूळ डाव्या टोकाला पात्याखाली राहिला. ते पातं त्या टोकाला तांदळाच्या जाडीएवढं वर उचललं गेलं. मला ते लगेच कळलं. दातात सुपारीचा कण अडकला की तुम्हांला कळतं, तसंच. पण सांगणार कसं? आणि कृष्णातनं ठोकळा लावून ऐकलं असतं तर त्यालाही कळलं असतं. त्यानं ऐकलं नाही. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात आठ एकोणचाळीस झाले होते.

पुढच्याच आठवड्यात टेंपोनं सत्तर सागवानी फळ्या आल्या. सांगलीला विश्रामबागेत एक शाळा आहे. तिचे मुख्याध्यापक नारायण सर मूळचे औंधचे, कृष्णातच्या वडिलांच्या वर्गातले. शाळेच्या आवारातले दोन साग वर्षापूर्वीच्या वादळात पडले होते. सर नोकरीला लागले, त्या वर्षी त्यांनी ते स्वतः लावलेले. त्या लाकडाचा शाळेला रंगमंच करायचा, आणि डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनात मुलांनी त्यावर नाचायचं, असं ठरलं होतं. त्यानंतर सर निवृत्त होणार होते. फळ्या दहा सुतांच्या होत्या. आठ सूत, म्हणजे बरोबर एक इंच करून द्यायच्या होत्या. एका इंचाला आठ सूत, हे सुताराच्या घरातलं पोरही सांगतं. सरांनी सांगितलं होतं, की आठाच्या खाली जाऊ देऊ नकोस, मुलं उड्या मारणार आहेत.

कृष्णातनं पहिला हात फिरवून फळ्या नऊ सुतांवर आणल्या आणि जमतात का ते बघायला सांगलीला पाठवल्या. वरून त्या आरशासारख्या दिसत होत्या. तिथल्या सुतारानं दहा फळ्या शेजारी शेजारी मांडल्या, तर प्रत्येक जोडाला पायरी. श्रद्धा नावाच्या नववीतल्या मुलीनं त्यावर गिरकी घेऊन बघितली आणि तिच्या अंगठ्याचं नख गेलं. तिसऱ्या दिवशी त्याच टेंपोतून सगळ्या फळ्या परत, आणि ड्रायव्हरशेजारी नारायण सर.

सर रागावले नाहीत. त्यांनी फळीच्या एका कडेवरून तळवा फिरवला, मग दुसऱ्या कडेवरून, आणि एवढंच म्हणाले, "कृष्णात, दुसरी झाडं लावून वाट बघायला माझ्याकडे वेळ नाही रे."

त्या वाक्यानं कृष्णात दोन दिवस जेवला नाही. मलाही बरं वाटलं नाही. माझ्या पोटात तांदूळ होता आणि नाव कृष्णातचं जात होतं.

आता या गोष्टीत हंबीरराव येतात. हे कृष्णातच्या थोरल्या बहिणीचे नवरे, म्हणजे त्याचे दाजी. लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं फिटर होते, सुभेदार होऊन परत आले. मिशी भरदार, आवाज त्याहून भरदार. दाजींना बोलावलं म्हणजे प्रश्न सुटला, असं घरात मानलं जायचं, कारण जावयाला तुम्ही चुकलात असं म्हणायची त्या घरात रीतच नव्हती. एका दिवाळीला त्यांनी घरचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं. ते तेव्हापासून चाळीस मिनिटं मागं होतं, आणि घर त्या घड्याळाप्रमाणे नव्हे, तर अधिक चाळीस धरून चाललं होतं.

दाजी आले ते खाकी पिशवीत फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा घेऊन. त्याला ते फीलर म्हणत. माझ्या प्रत्येक फटीत त्यांनी तो खुपसून बघितला. सकाळभर ते माझ्याभोवती फिरत होते आणि मध्येच हिंदीतून मला दम देत होते. कृष्णात त्या वेळी मोटारीचा जादा पट्टा आणायला रहिमतपूरला गेला होता. दाजींनी माझ्या टेबलाचा डावीकडचा नट पाव फेरा सैल केला, टेबलाची डावी बाजू जरा खाली घेतली आणि एक भंगार फळी घालून बघितली. फळी अगदी सारखी आली. दाजी स्वतःवर खूष होऊन जेवायला गेले आणि जेवून झोपले. त्यांची दुपारची झोप म्हणजे सरकारी कामकाज. दोन ते चार त्यात कुणी अडथळा आणायचा नाही.

इकडे कृष्णात परत आला. दाजींनी काय केलं हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि दाजींना विचारायचं तर ते झोपलेले. जागे असते तरी त्यानं विचारलं नसतं. जावयाला काम सांगायचं असतं, हिशेब विचारायचा नसतो. म्हणून त्यानं गुपचूप, घोरण्याच्या तालावर, तेलाच्या डब्याचा पत्रा कापला आणि माझ्या टेबलाच्या उजव्या बाजूखाली सरकवला. म्हणजे मित्रांनो, दाजींनी मला डावीकडून बसवलं होतं आणि मेव्हण्यानं उजवीकडून उठवलं. एकच दुखणं, दोन वैद्य, दोन औषधं, आणि दोघांचा एकमेकांना पत्ता नाही. मी एवढा मोठा घरघराट करू शकतो, पण त्या घटकेला माझी मोटार बंद होती.

चार वाजता दाजी उठले, चहा घेतला आणि बटण दाबलं. सकाळीच चाचणी झालेली, आता मोजायचं काय? कृष्णात मागच्या बाजूला फळ्या झेलायला उभा. त्यानं पत्रा घातलेला, त्यालाही खात्री. सत्तरच्या सत्तर फळ्या दोघांनी दोन तासांत काढल्या. ढलप्यांचा गुडघाभर ढीग झाला. साळूबाईंनी दारात उभं राहून जावयाची दृष्ट काढली.

संध्याकाळी मोजलं तेव्हा फळ्यांची उजवी कड पातळ भरली. आधी डावी होती, आता उजवी. जाड कड पावणेनऊ सूत आणि पातळ कड सव्वाआठ. आठाच्या खाली जायचं नव्हतं, म्हणजे हातात उरलं पाव सूत. एकच हात फिरवता येणार होता. तो चुकला तर सरांची झाडं चुलीला.

दाजींनी फळी डोळ्यांसमोर आडवी धरून बघितली. मग त्यांनी निकाल दिला, की मशीनच्या अंगातच वाक आहे, हे महाबळेश्वरला कुजलेलं लोखंड आहे, रविवारी शेवटचा प्रयत्न करू आणि सोमवारी कराडच्या भंगारवाल्याला निरोप देऊ. ते ऐकून माझ्या अंगातलं तेल गोठलं. भंगारवाला माझ्यासारख्याचं काय करतो, ते मी वखारीत असताना बघितलं आहे. घण घेऊन फोडतो, कारण अखंड उचलवत नाही.

रविवारी सकाळी नारायण सर पहिल्या गाडीनं आले आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसले. त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. का, ते मला तेव्हा कळलं नाही. साळूबाई चहा घेऊन दारात आल्या. दाजींनी पुन्हा एकदा नट पिळला, माझ्या पायाखाली एक पाचर मारली, फीलर खिशात घातला आणि बटणाकडे हात नेला.

कृष्णातनं तो हात धरला.

इतक्या वर्षांत त्या घरात जावयाचा हात कुणी धरला नव्हता.

"दाजी, थांबा. चालू करू नका," कृष्णात म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की मीही कान दिला. "परवा तुमी झोपल्यावर मी टेबलाखाली पत्रा घातलाय. तुमाला सांगितलं न्हाई. आन् दसऱ्याला पाती बसवली, तवा ठोकळा लावून बघितलंच न्हाई. मुहूर्त टळला असता. माझं चुकलंय."

दाजींचा चेहरा आधी लाल झाला. आता काहीतरी फुटणार, असं वाटून मी नट घट्ट धरले. पण ते एकदम खाली बसले, माझ्या टेबलाच्या कडेवर, आणि मिशी पुसत राहिले.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक हाय?"

"पातं डावीकडनं वर हाय. पैल्याच दिवशी फीलरला घावलं. पण मामींनी पुजल्याली पाती. कुक्कू तसंच हाय त्येच्यावर. सासूच्या पूजेला जावयानं पाना लावायचा व्हय? म्हणून म्हणलं, टेबलच वाकडं करू, म्हंजे सरळ येईल."

म्हणजे बघा, मित्रांनो. एकाला दुखणं कुठं आहे ते माहीत होतं, दुसऱ्याला ते कधी झालं ते माहीत होतं, आणि दोघंही माझ्या पायात आणि पोटात पत्रे कोंबत बसले होते. सगळं आदरापोटी.

आता सगळे साळूबाईंकडे बघू लागले. त्यांनी चहाचं ताट फळ्यांच्या थप्पीवर ठेवलं, पदर खोचला आणि पुढं आल्या.

"मी पुजली म्हणून ती वाकडी ऱ्हावीत, असं कवा म्हणलं मी?" त्यांनी विचारलं. "काढा ती पाती. यमाईआईला वाकडं काम चालत न्हाई. आन् जावईबापू, तुमी लाजू नगासा, लावा पाना."

जावयानं पाना लावला. मेव्हण्यानं ड्रम धरला. तिसरं पातं निघालं आणि खाचेच्या डाव्या टोकाला तो दिसला, पिवळा, टणक, एवढासा. दाजींनी फीलरच्या टोकानं तो उकरून साळूबाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला. आपला तांदूळ त्या ओळखणार नाहीत तर कोण?

"माझाच हाय," त्या म्हणाल्या, आणि नारायण सरांकडे वळून त्यांनी हात जोडले. "सर, ह्या दोघांचा दोष न्हाई. मूठ माझी मोठी हाय."

सर हसले. मग दाजी हसले, मग कृष्णात, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्या शेडमध्ये मोकळं हसू झालं. हसून झाल्यावर माझ्या पोटातून आणि पायांखालून एकेक माल बाहेर आला. डब्याचा पत्रा, दोन पाचरी, घडी घातलेलं एसटीचं तिकीट आणि दाजींच्या एका पोस्टकार्डाचा तुकडा. आपल्याच आजाराची एवढी औषधं बघून मला घाम फुटायचा बाकी राहिला.

मग सगळं पहिल्यापासून. आधी टेबल ड्रमला समांतर केलं. खाचा ब्रशनं झाडल्या, रॉकेलनं पुसल्या. पाती बसवली. कृष्णात कान लावायचा आणि दाजी फीलर घालायचे. कृष्णात म्हणायचा, उजवीकडं घासतंय. दाजी म्हणायचे, एक पत्राभर जादा हाय. दोघांचं म्हणणं एकच निघत होतं, याचं दोघांनाही नवल वाटत होतं. नऊ वेळा ठोकळा लागला, आणि नवव्यांदा तिन्ही पात्यांनी तिन्ही ठिकाणी तोच एक बारीक, रेशमी आवाज काढला. तो माझ्या चार वर्षांच्या ओळखीचा होता.

पहिली फळी आत आली. मी ती जपून, श्वास धरून घेतली म्हणा ना. बाहेर आली तेव्हा कृष्णातनं चारही कोपरे मोजले. आठ, आठ, आठ, आठ. दाजींनी मोजले. आठच. मग सर स्टुलावरून उठले, फळी जमिनीवर ठेवायला सांगितली, शेजारी दुसरी, तिसरी, आणि अनवाणी पावलांनी त्यांवरून चालत गेले, सावकाश, जोडाजोडाला अंगठा टेकवत. टोकाला पोचल्यावर ते तसेच उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

सत्तर फळ्या दुपारी दोनपर्यंत झाल्या. त्या दिवशी दाजी झोपले नाहीत.

संमेलनाला मला कोण नेणार? पण कृष्णात जाऊन आला आणि त्यानं सगळं घरी सांगितलं, ते मी ऐकलं. श्रद्धानं गिरक्या घेतल्या आणि दहाही नखं शाबूत राहिली. सरांचा सत्कार त्यांच्याच झाडांवर उभं राहून झाला. भंगारवाल्याचं नाव परत कुणी काढलं नाही. दाजी अजून येतात आणि मला हिंदीतून दम देतात, पण हल्ली नट पिळण्याआधी ते मेव्हण्याला विचारतात, "बघ रं, कृष्णात, बरोबर हाय का?" आणि कृष्णात कधी कधी चक्क "न्हाई" म्हणतो.

तेव्हा मित्रांनो, आमची काळजी घ्या. पावसात टाकू नका, तेल द्या, खाचा झाडा, पूजाही अवश्य करा; आम्हांलाही वर्षातून एकदा हार आवडतो. पण घरातल्या मोठ्या माणसाचं काही चुकलं, किंवा आपलं स्वतःचं चुकलं, तर तोंडावर सांगून मोकळे व्हा. ते झोपल्यावर आमच्या पोटात पत्रे सारू नका. तसं केलंत तर तुमचा मान राहतो, त्यांचाही राहतो, आणि फळी मात्र वाकडी निघते.